दोन दिवस पुरतात

दोन दिवस पुरतात, असं छापलंय तुमच्या कागदावर.
छापणारा आला होता इथे.
गाडीचं इंजिन चालू ठेवून सूप प्याला आणि गेला.

त्यात दाखवलाय तो किल्ला नाही.
म्हणजे, भिंत आहे एक.
तिच्या आडोशाला अ‍ॅलिस्टरच्या मेंढ्या वारा चुकवतात.
बघायच्याच तर मेंढ्या बघा.

छत्री इथेच ठेवा.
मागच्या पाहुण्याची अजून विजेच्या तारेवर आहे.

आधी खाली उतरा, कोळ्यांच्या आळीत.
घरं समोरासमोर नाहीत,
सगळी समुद्राला खांदा लावून तिरकी उभी.
दारांचे रंग कोणी निवडलेले नाहीत.
होडी रंगवून जो उरला, तो दाराला.
निळं दार दिसलं की समजा, निळी होडी होती.
होती म्हणाले मी.

धुरीघर अकराला उघडतं.
हॅडॉक टांगलेले असतात जोडीजोडीने,
शेपटीला शेपटी बांधून.
आत जाताना कोट काढून माझ्याकडे द्या,
नाहीतर लंडनपर्यंत मांजरं मागे येतील.
सूप तिथलंच घ्या. बटाटा, कांदा, दूध, तो मासा.
कृती विचारू नका कोणाला,
इथे प्रत्येक घरात शेजारणीची चुकलेली असते.

चिप्स खाल्ल्या तर भिंतीकडे तोंड करून खा.
हसू नका.
सीगल आधी तुमच्या डोळ्यांत बघतो,
मग हातात.

पुलावर चढा. गाडी नाही येत,
रूळ उचलले अडुसष्ट साली,
मी शेवटच्या डब्यात होते, मांडीवर बदकाची पिल्लं.
वरून डॉल्फिन दिसतात.
कॅलम होडीतून दाखवायचे पैसे घेतो,
द्या त्याला, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.
डॉल्फिन काय, पुलावरूनही तेवढेच दिसतात.

बंदरात ओहोटीला जा.
भरतीला छान दिसतं सगळं, फसायला होतं.
ओहोटीला तळ दिसतो. साखळ्या, एक सायकल,
अ‍ॅबर्डीनच्या दातांच्या डॉक्टरची नौका, कुशीवर पडलेली.

तिथून डाव्या हाताला दगड आहे, नावांचा.
तुमच्या कागदात नाही तो.
वाचायला लागलात की वाटेल छपाई चुकली:
मेअर, मेअर, मेअर, मेअर.
गावात आडनावं तीनच,
बाप्तिस्म्याची नावंही पाच-सहा.
म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव,
पोस्टमनला कळावं म्हणून, आणि देवाला.
आम्ही 'बोझी'.
पलीकडचे 'लॅटिन', त्यांच्यात कोणी चौथीच्या पुढे गेलं नाही.
दगडावर टोपणनावंही कोरलीयत, शेजारी, बारीक.
फक्त शेवटच्या दोन ओळींना नाहीत.
पाथरवट अक्षरामागे पैसे घ्यायचा
आणि त्या वर्षी वर्गणी आटली होती.
जेम्स मेअर.
जेम्स मेअर.
एकाच होडीवरचे दोघे.
एक माझा भाऊ.

मी दोन्हींवरून बोट फिरवते.
रविवारी बेथ लॅटिन येते, तीही दोन्हींवरून फिरवते.
आम्ही बोलत नाही एकमेकींशी,
एका कुंपणावरून, जुनी गोष्ट आहे.
पण ती येऊन गेली की कळतं मला,
खाचांतलं शेवाळ निघालेलं असतं.

तर हे आजचं.
उद्याचं काही ठरवू नका.
वारा पडलाय, पहाटे समुद्रावरून धुकं चढेल,
आम्ही त्याला 'हार' म्हणतो.
मग ना पूल, ना बंदर, ना तुमचा हात.
घंटा ऐकू येते तेवढी, तीही भलत्या बाजूने.
लोक खट्टू होऊन खोलीत बसतात.
तुम्ही बाहेर पडा. भिंतीला हात लावत चाला.
समोरून कोणी आलं तर आधी खोकायचं,
अशी पद्धत आहे.

वहीत पूर्ण नाव लिहा, सरकारला लागतं.
बेकरीत मात्र सकाळी कोणी 'छत्री' अशी हाक मारली
तर वळून बघा. तुम्हीच.

किल्ली कुंडीखाली.
अंडं कसं हवं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा.